मणक्यातले सिमेंट आणि परत आलेले दुखणे

माळवदाच्या घरात जे वाढले, त्यांना खांबाचे महत्त्व सांगावयास नको. डोक्यावर मातीचा जाड थर, त्याखाली किलच आणि तुळया, आणि तो सारा भार शेवटी उतरतो खांबावर. खांबाला वाळवी लागली तरी वरून तो ठणठणीत दिसतो. आत मात्र भुसा झालेला असतो. मग एखाद्या पावसाळ्यात माळवद भिजून जड होते आणि खांब मध्येच दबतो. घरधनी म्हणतो, "काल तर बरा होता!" काल तो बरा नव्हता, तो फक्त उभा होता.

आपल्या पाठीच्या कण्याचेही असेच आहे. मान, पाठ आणि कंबर मिळून चोवीस सुटे मणके एकावर एक रचलेले असतात. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ चकती असते, आणि मागच्या बाजूने जी पोकळ नळी तयार होते तिच्यातून मज्जारज्जू खाली जातो. हातपाय हलविणे, लघवी-शौचावर ताबा ठेवणे, ही सारी कामे त्या रज्जूच्या आणि त्यातून निघणाऱ्या नसांच्या भरवशावर चालतात. मणका हा आतून भरीव दगड नव्हे. तो मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार असतो. उतारवयात, विशेषतः बायकांची पाळी बंद झाल्यावर, ही जाळी विरळ होत जाते. हाडे ठिसूळ होतात. मग पडावयासही लागत नाही. पाण्याचा हंडा उचलताना, वाकून झाडताना, कधी जोराच्या ठसक्यानेसुद्धा मणका चेपतो. त्या घटकेपासून माणसाला कुशीवर वळणेही कठीण होते.

आपल्या बीड जिल्ह्यात हा विषय अधिकच जवळचा आहे. दसरा-दिवाळी आली की आपल्याकडची गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई ऊस तोडते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. अशा वीस-वीस, तीस-तीस हंगामांचे ओझे तिच्या कण्यावरून गेलेले असते. त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांत पुष्कळ जणी ऐन उमेदीच्या वयाच्या होत्या. नुसती पिशवी काढली आणि बीजकोश राहिले, तर हाडांचे नुकसान तेवढे होत नाही. परंतु पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले, तर हाडांना जपणारा स्राव एकाएकी थांबतो. पन्नाशीला जे व्हावयाचे ते पस्तिशी-चाळिशीतच सुरू होते. म्हणजे या बायका साठीला पोहोचेतो त्यांचे मणके किती पोकळ झालेले असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

आता चेपलेल्या मणक्यावर उपाय काय? बहुतेकांचे दुखणे विश्रांती, वेदनाशामक औषध आणि कमरेचा पट्टा एवढ्यावर सहा आठवडे ते तीन महिन्यांत उतरते. ज्यांचे उतरत नाही, त्यांच्यापैकी काहींना डॉक्टर मणक्यात सिमेंट भरण्याचा सल्ला देतात. सिमेंट म्हटल्यावर घर बांधावयाचे सिमेंट डोळ्यांपुढे आणू नका. ही एक प्रकारची प्लास्टिकची लुकण आहे. भुकटी आणि द्रव एकत्र कालवले की ती आधी कणकेसारखी होते आणि थोड्याच मिनिटांत दगडासारखी घट्ट होते. दातांच्या वैद्यकातून ती पुढे आली. जॉन चार्नली या इंग्रज शल्यवैद्याने कृत्रिम खुबा हाडात पक्का बसविण्यासाठी ती वापरली. १९८४ साली फ्रान्समधील आमियाँ या गावी गॅलिबेर आणि देरामाँ या डॉक्टरांनी मानेच्या एका पोकळ झालेल्या मणक्यात ती सुईवाटे भरली. तेथून या उपचाराचा प्रसार झाला. याला व्हर्टिब्रोप्लास्टी म्हणतात. आधी मणक्यात छोटा फुगा फुगवून जागा करावयाची आणि मग सिमेंट भरावयाचे, या दुसऱ्या पद्धतीला कायफोप्लास्टी असे नाव आहे.

रोग्याला पालथे निजवितात, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पाठीतून जाड सुई मणक्यात नेतात आणि चमचाभर सिमेंट आत सोडतात. मोठी चीर नाही, टाके नाहीत म्हटले तरी चालेल. कित्येक रोगी दुसऱ्या दिवशी चालू लागतात. हा उपाय सर्वांनाच लागतो असे मात्र नाही. २००९ साली दोन काटेकोर चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत खरे सिमेंट भरलेले रोगी आणि नुसते भरल्यासारखे केलेले रोगी, दोघांनाही सारखाच आराम पडला होता. नंतरच्या काही चाचण्यांत, दुखणे ताजे आणि तीव्र असताना योग्य रोगी निवडला तर फायदा होतो, असेही आढळले. तेव्हा सिमेंट वाईट नव्हे आणि जादूही नव्हे. ते कोणाला भरावयाचे, हे नीट पारखून ठरवावे लागते.

आज मला जे सांगावयाचे आहे ते या सिमेंटनंतरच्या एका विरळ परंतु गंभीर संकटाविषयी. सिमेंट भरलेल्या मणक्यात जंतू शिरले तर काय होते आणि त्यावर उपचार कसा करतात, हा तो विषय. मी काही डॉक्टर नाही, महाविद्यालयात शिकवितो. परंतु हे प्रकरण माझ्याच घरात घडले. त्यानंतर जाणत्या डॉक्टरांना विचारून आणि जमेल तेवढे वाचून मी ते समजून घेतले.

माझी आत्या तीस हंगाम फडावर गेली. अडतिसाव्या वर्षी तिची पिशवी आणि बीजकोश काढले होते. चौसष्टाव्या वर्षी हंडा उचलताना तिच्या कमरेत कळ आली आणि ती खाली बसली ती उठेना. दोन महिने अंथरुणावर काढल्यावर एका मोठ्या शहरात तिच्या मणक्यात सिमेंट भरले. दुसऱ्या दिवशी ती चालली. मला म्हणाली, "दादा, सुई टोचली अन् चालाया लागले की रं!" सारे घर आनंदले. ही दिवाळीची गोष्ट. होळीच्या सुमारास तिची कंबर पुन्हा दुखू लागली. या वेळचे दुखणे निराळे होते. पूर्वी हलले की दुखे आणि पडून राहिले की थांबे. आता पडून राहिले तरी दुखे, रात्री अधिक दुखे. संध्याकाळी अंगात थोडी कसर येई. जेवण तुटले. मुलगा-सून फडावर होते. गावात दुखणे थांबविण्याची इंजेक्शने झाली, पाच-पाच दिवसांच्या गोळ्या झाल्या. मी भेटावयास गेलो तेव्हा मीही तेच म्हणालो, जे सारे गाव म्हणत होते: "आत्या, वय झालं आता. थोडंफार दुखायचंच." शिकल्यासवरलेल्या माणसाचे हे वाक्य तिने खरे मानले. आषाढात तिच्या उजव्या पायातून चप्पल निसटू लागली, तेव्हा आमचे डोळे उघडले.

वाचकहो, ते वयाचे दुखणे नव्हते. सिमेंट भरलेल्या मणक्यात क्षयाचे जंतू वाढत होते.

जंतू तेथे पोहोचतात कसे? वाटा तीन. पहिली वाट म्हणजे ते आधीपासूनच तेथे असतात. मणका ठिसूळपणाने चेपला असे वाटते, पण खरे म्हणजे त्याला क्षयाने पोखरलेले असते. नुसत्या क्ष-किरणांच्या चित्रात हा फरक नेहमी कळतोच असे नाही. आपल्या देशात क्षय फार, म्हणून ही चूक आपल्याकडे अधिक जपून टाळावी लागते. दुसरी वाट सुईची. सगळी स्वच्छता पाळूनही कातडीवरचे जंतू क्वचित सुईबरोबर आत जातात. तिसरी वाट रक्ताची. लघवीतला जंतुसंसर्ग, मधुमेह्याच्या पायाची चिघळलेली जखम, दाताच्या मुळाशी साचलेला पू, अंगावरचे गळू, यांतले जंतू रक्तात उतरतात आणि फिरत फिरत दुबळ्या मणक्यात मुक्काम करतात. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा जुना आजार, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडची औषधे, यांमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती उणावली आहे त्यांना धोका अधिक.

हे किती वेळा घडते? फार क्वचित. तैवानमधील एका मोठ्या रुग्णालयाने २००१ ते २०१५ या काळातील आपल्या रोग्यांचा हिशेब मांडला आहे. ५,७४९ जणांना सिमेंट भरले, त्यांपैकी १८ जणांच्या मणक्यात जंतुसंसर्ग झाला. म्हणजे हजारात तीन. परंतु या अठरांतील निम्म्या, म्हणजे नऊ जणांना क्षय होता, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. संकट विरळ आहे म्हणून सिमेंटची भीती बाळगू नये. आणि ते विरळ आहे म्हणूनच ते कोणाच्या मनात येत नाही. धोका खरा तेथे आहे.

आता असे पाहा. एरवी जंतुसंसर्ग झाला की आपण औषध घेतो आणि तो बरा होतो. मग सिमेंटमधला एवढा हट्टी का? जुन्या बारवेत उतरणाऱ्यांनी पायऱ्यांवरचे शेवाळ पाहिले असेल. त्यावर कितीही पाणी ओता, ते वरून वाहून जाते. शेवाळ दगडाला धरून राहते. ते खरवडावे लागते. सिमेंटच्या पृष्ठभागावर जंतू अशाच बुळबुळीत थरात दडून बसतात. दुसरे असे की, औषध शरीरात फिरते ते रक्तातून. पाटाचे पाणी जेथपर्यंत पोहोचते तेथपर्यंतच पीक भिजते. जिवंत हाडात रक्त खेळते. सिमेंटच्या गोळ्यात रक्ताचा थेंब जात नाही. म्हणून साध्या संसर्गाला पुरणारे औषध येथे कमी पडते. पाच दिवसांच्या गोळ्यांनी तर काहीच साधत नाही. उलट जंतू थोडे दबतात, चार दिवस बरे वाटते आणि मूळ रोग ओळखणे अवघड होते.

तेव्हा ओळखावयाचे कसे? पहिली आणि मोठी खूण म्हणजे गेलेले दुखणे परत येणे. सिमेंट भरल्यावर आराम पडला होता आणि काही दिवसांनी, महिन्यांनी, कधी वर्षानेही, त्याच जागी पुन्हा दुखू लागले, तर ते जुने दुखणे समजू नका. ते नवे समजून तपासा. कधी शेजारचा मणकाही चेपतो आणि दुखते. परंतु तेही तपासल्यावाचून ठरवू नये. दुसरी खूण म्हणजे पडून राहिले तरी न थांबणारे आणि रात्री वाढणारे दुखणे. तिसरी, अंगात कसर, भूक मरणे, वजन उतरणे. येथे एक सांगून ठेवतो. ताप नाही म्हणून संसर्ग नाही असे मानू नका; म्हाताऱ्या माणसांत आणि क्षयात ताप पुष्कळदा नसतोच. आणि पायात मुंग्या, बधिरपणा, पाय लुळा पडणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, यांपैकी काहीही दिसले तर उद्यावर टाकू नका. मज्जारज्जूवर दाब आला आहे असे समजून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. तेथे तासांचा हिशेब असतो.

तपासणी पायरीपायरीने होते. आधी रक्ताच्या दोन साध्या चाचण्या, ईएसआर आणि सीआरपी. शरीरात कोठे तरी दाह चालू आहे, एवढे त्या सांगतात. कोठे आणि कशाचा, हे सांगत नाहीत. मग एमआरआय. त्यात मणका, चकती, आजूबाजूचा पू आणि मज्जारज्जूवरचा दाब ही सारी दिसतात. त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची: जंतूंचा नमुना. रक्त जंतुवाढीसाठी प्रयोगशाळेत ठेवतात, आणि सुईने त्या मणक्यातला किंवा त्याच्याजवळच्या पुवाचा अंश काढून तपासतात. त्याची जंतुवाढ करतात, क्षयासाठी सीबीनॅट नावाची यंत्रचाचणी करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहतात. सीबीनॅट काही तासांत क्षयाचे जंतू आहेत की नाहीत हे सांगते. रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला ते दाद देतील की नाही, हेही तीच सांगते.

शेतकऱ्याला मी एकच उपमा देतो. पिकावर काय पडले आहे, मावा की करपा, हे न पाहता कोणी फवारा मारीत नाही. मारला तर औषधही जाते आणि पीकही. येथेही तसेच. आधी नमुना, मग औषध. नमुन्याआधीच गावात प्रतिजैविके सुरू केली तर जंतू अर्धमेले होतात, प्रयोगशाळेत वाढत नाहीत आणि डॉक्टरांना अंधारात बाण मारावा लागतो. याला अपवाद दोन. रक्तदाब कोसळून रोगी अत्यवस्थ झाला असेल, किंवा पाय वेगाने लुळे पडत असतील, तर डॉक्टर निकालाची वाट पाहत बसत नाहीत. घरात गुरे-शेळ्या असतील, एखादी गाभडली असेल, कच्चे दूध पिण्यात आले असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. जनावरांपासून माणसाला होणारा ब्रुसेला नावाचा आजारही मणक्यात घर करतो आणि त्याची औषधे निराळी असतात.

उपचाराची मूळ सूत्रे अशी. नमुन्यात साधे पू करणारे जंतू निघाले, आणि बहुधा ते स्टॅफिलोकॉकस जातीचे असतात, तर त्या जंतूला लागू पडणारे प्रतिजैविक आधी शिरेतून देतात. मणक्याच्या साध्या संसर्गालासुद्धा हा उपचार सहा आठवडे चालतो. सिमेंट आत असेल तर पुष्कळदा त्याहून अधिक काळ, पुढे गोळ्यांच्या रूपाने कित्येक महिने तो चालू ठेवावा लागतो. औषध लागू पडते आहे की नाही, हे दुखणे आणि सीआरपीचा आकडा पाहून ठरवितात. बरोबरीने कमरेला पट्टा, पुरेशी विश्रांती, साखरेवर ताबा आणि पोटभर सकस अन्न. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, ज्याला जे परवडेल ते. उपाशी शरीर नुसत्या औषधावर लढत नाही.

नमुन्यात क्षय निघाला तर मार्ग निराळा. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने १७७९ साली मणक्याच्या या रोगाचे वर्णन केले, म्हणून त्याला पॉटचा रोग म्हणतात. एके काळी असे रोगी वर्षानुवर्षे प्लॅस्टरच्या साच्यात निजून राहत. औषधे आल्यावर चित्र पालटले. आपल्याच देशात डॉ. सु. म. तुली यांनी १९७५ साली बनारसमधील आपला अनुभव प्रसिद्ध केला. सरसकट सर्वांवर शस्त्रक्रिया न करता आधी औषधे द्यावीत आणि गरज पडेल त्यालाच शस्त्रक्रिया करावी, असा त्यांचा मध्यम मार्ग आहे. आज हाडाच्या क्षयाला साधारणतः बारा महिने औषध द्यावे लागते. पहिले दोन महिने चार औषधे, पुढे दहा महिने तीन. गरजेप्रमाणे डॉक्टर मुदत वाढवितात. जंतू औषधाला दाद देणारे नसतील तर औषधे बदलतात. रिफाम्पिसिनने लघवी तांबूस होते, त्याने घाबरू नये. पण डोळे पिवळे झाले, सारखी ओकारी होऊ लागली किंवा नजर मंदावली, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

ही औषधे राष्ट्रीय क्षयरोग दुरीकरण कार्यक्रमात मोफत मिळतात. रोग्याला पोषणासाठी दरमहा पैसेही मिळतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. आपल्या भागात खरी अडचण येते ती सहाव्या-सातव्या महिन्यात. दुखणे थांबलेले असते, मुकादमाची उचल घेतलेली असते आणि गाडी दारात उभी असते. अशा वेळी औषध तोडू नका. जावयाचेच असेल तर निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रात सांगा. रोग्याची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही पाठविता येते आणि फडाजवळच्या सरकारी केंद्रातून औषध पुढे चालू राहते. मध्येच तोडलेले औषध हे न घेतलेल्या औषधापेक्षा वाईट, कारण उरलेले जंतू त्या औषधाला सरावतात.

आता शस्त्रक्रियेचा प्रश्न. प्रत्येक वेळी सिमेंट काढावेच लागते काय? नाही. रोगी स्थिर आहे, पायात शक्ती आहे, जंतू ओळखला गेला आहे आणि औषध लागू पडते आहे, तर काहींचे केवळ औषधावर भागते. परंतु पाय लुळे पडू लागले, पू साठून मज्जारज्जू दाबला गेला, हाड इतके खाल्ले गेले की कणा डळमळू लागला, किंवा औषध देऊनही संसर्ग हटेना, तर शस्त्रक्रिया टाळता येत नाही. तीत पू आणि सडके हाड खरवडून काढतात, जेवढे निघेल तेवढे सिमेंट काढतात, रिकाम्या जागी हाडाचा तुकडा किंवा धातूची जाळी बसवितात आणि वरच्या-खालच्या मणक्यांना स्क्रू व सळ्यांचा आधार देतात. खांबाची वाळवी लागलेली जागा तासून, नवे लाकूड जोडून, दोन्ही बाजूंनी पट्ट्या ठोकाव्यात, तसे हे काम आहे. ते सोपे नाही. सिमेंट हाडात घट्ट रुतलेले असते, रोगी वयस्क असतो, हाडे ठिसूळ म्हणून स्क्रू नीट धरत नाहीत. म्हणून काही वेळा डॉक्टर फक्त मागून आधार देऊन बाकी भार औषधावर टाकतात. शस्त्रक्रिया झाली तरी औषधाची मुदत पुरी करावीच लागते. आणि संसर्ग बरा झाल्यावर मूळच्या ठिसूळपणावर उपचार हवेतच. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडे बळकट करणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू केली नाहीत, तर आज एक मणका, उद्या दुसरा.

माझ्या आत्याच्या मणक्यातून सुईने नमुना काढला, त्यात क्षय निघाला. शस्त्रक्रिया झाली. बारा महिन्यांच्या औषधांचे अठरा झाले. आज ती काठी घेऊन चालते, चुलीपुढे बसते, नातवंडांना रागावते. परंतु उजवा पाय थोडा फरफटतो तो फरफटतोच. होळी आणि आषाढ यांच्यामध्ये आम्ही जे चार महिने घालविले, त्यांची ती खूण आहे. तिच्या सुईला मी दोष देत नाही. माझ्या त्या एका वाक्याला मात्र देतो.

म्हणून सिमेंट भरण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावयास संकोच करू नका. हा मणका ठिसूळपणानेच चेपला की आत क्षय किंवा दुसरा रोग असू शकतो? सिमेंट भरताना तेथला नमुना तपासणीला पाठविणार काय? आणि माझ्या अंगात आज दुसरा कोठे संसर्ग आहे काय? लघवीची जळजळ, पायाची जखम, किडका दात, जुना खोकला, घरात कोणाला झालेला क्षय, हे आपण होऊन सांगा. चालू संसर्ग असताना सिमेंट भरत नाहीत. तो आधी बरा करतात. चार आठवडे थांबावे लागले तरी ते स्वस्त पडते.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक निराळी विनंती आहे. हंगामात गावात राहतात ती म्हातारी माणसे आणि मुले. म्हातारीचे कागद वाचणारे घरात कोणी नसते. ती पिशवी आढ्याला टांगलेली असते. तुमच्या वर्गातला एखादा मुलगा म्हणाला, "आजी रात्रभर कण्हते," तर ती पिशवी मागवून घ्या. सिमेंट कोणत्या तारखेला भरले, आराम किती दिवस होता, दुखणे कधी परत आले, कोणत्या गोळ्या झाल्या, वजन किती उतरले, एवढे एका कागदावर लिहून द्या. असा कागद हाती असला तर डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो. जवळचे आरोग्य केंद्र, मग उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय, ही वाट सर्वांना ठाऊक आहे. १९७४ साली अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ते आपल्यासारख्या खेड्यांतल्या माणसांनी दूर शहरी धावू नये म्हणूनच. तेथे अस्थिरोगाचा विभाग आहे. तेथे विचारावे, पुढे जावे लागले तर ते वाट दाखवितील.

खांब एकदा दबला की आपण त्याला टेकू देतो आणि निश्चिंत होतो. शहाणा घरधनी मात्र टेकू दिल्यावरही अधूनमधून खांबावर बोटाने ठोकून पाहतो, आवाज पोकळ येतो काय म्हणून. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची कंबर सिमेंट भरल्यावर पुन्हा दुखू लागली, तर तेवढेच करा. "वय झालं" असे म्हणण्यापूर्वी एकदा तपासून घ्या.